नववीतली ठमी

प्रिय ठमे,

तुझा फोन आला तेव्हा मी म्हणालो, हात मोटरीत अडकलेत, कळवतो. थाप होती. हात मोकळे होते, जीभ अडकली होती. इतक्या वर्षांत कधी न विचारलेलं तू विचारलंस, "दादा, आईला भेटायला येऊ का?" आणि लगेच वर म्हणालीस, "पण मला गोड तोंड करून बसता येणार नाही हं. माझा राग गेलेला नाही." अख्ख्या बाजाराला बोलून बेजार करणारा तुझा भाऊ, त्याला यावर 'ये' म्हणावं की 'नको येऊस' हे सुचेना. कारण तुझ्या जागी इथे आधीच कुणीतरी येऊन बसलंय. दादाला म्हातारचळ लागला असं समजू नकोस. नीट सांगतो, मग ठरव.

आधी माझी खुशाली, म्हणजे तुला धीर येईल. दुकान आता दोन शटरचं झालंय. जळालेल्या मोटरींच्या तारा नव्याने भरून देतो, पंप बसवतो, आणि अजूनही उघडण्याआधी कान लावतो. बेअरिंग वाजतंय की वायरिंग जळतंय हे मला दारातूनच कळतं. तुझी वहिनी म्हणते, "मोटरीचं ऐकू येतं, माझं तेवढं येत नाही." मी सातवीत शाळा सोडली ती आपणहून, आणि गंमत बघ, त्याच सरकारी शाळेच्या समितीवर आता खुर्ची अडवून बसलोय. मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, फार हुशार. समितीवर घेतलं की पंप फुकटात दुरुस्त होतो, हे त्यांना बरोब्बर ठाऊक. शाळेला आता दोन मजले आहेत, पण तुझा नववीचा वर्ग तिथेच आहे, जिन्याखालून उजवीकडे, पाण्याच्या टाकीसमोर. रंग बदललाय. खिडकीचा गज तेवढा तसाच वाकडा.

या शाळेत दर गुरुवारी दुपारी 'शेजार-तास' असतो. भूगोलाच्या बाईंनी काढलेलं खूळ. आजूबाजूची म्हातारी माणसं शाळेत येतात आणि नववीतल्या एकेका मुलाच्या वाट्याला एकेक म्हातारा नाहीतर म्हातारी येते. म्हाताऱ्यांनी येत असेल ते शिकवायचं, पोरांनी वाचून दाखवायचं, फोन कसा वापरायचा ते सांगायचं. एक निवृत्त पोस्टमन काका आहेत. त्यांना शिकवणारी पोरगी एवढीशी, पण ती चुकलं की टेबलावर टकटक करते आणि काका "हो गुरुजी" म्हणतात. एक शिंपीबाबा पोरांना काजं करायला शिकवतात आणि कुणाचं वाकडं झालं की म्हणतात, "यातून बटण नाही, म्हैस जाईल." शाळा त्या तासाला नुसती फुललेली असते. आईचं विसरणं वाढलं होतं, झोप उडाली होती. चार माणसांत बसेल म्हणून मी तिला तिथे नेलं. यापलीकडे माझ्या मनात काही नव्हतं.

पहिल्या वर्षी तिच्या वाट्याला बेकरीवाल्याची मुलगी आली. गोल चेहऱ्याची, हसरी. आईने तिच्याकडे नुसतं पाहिलं आणि म्हणाली, "ठमे, केस कुणी कापले तुझे?" मी दारात होतो. तुला ठाऊक नसेल, तू गेल्यापासून हे नाव आपल्या घरात कुणी उच्चारलं नव्हतं. आण्णा गेले तेव्हाही नाही. ती पोर बिचारी म्हणू शकली असती की आजी, मी ती नाही. पण मुलं दयाळू असतात आणि दया फार झटपट करतात. ती म्हणाली, "मीच कापले." मग आईने तिच्या शाळेच्या ड्रेसवरून हात फिरवला. बाही पाहिली, खांद्याची शिवण पाहिली, खाली वाकून घेराची कड चाचपली. विचारलं, "अख्खा आहे ना?" पोर म्हणाली, "अख्खा आहे की." त्या रात्री आई लहान मुलासारखी झोपली. मला वाटलं, झोपतेय ना, मग झालं. माणूस किती स्वस्तात समाधानी होतो बघ.

पण ठमे, नववीतली पोरगी दहावीत जाते, आणि दहावीला शेजार-तास नाही. तेव्हा या पोरींनी आपली आपण एक रीत पाडली. त्या तिला 'आजी सोपवणं' म्हणतात. वर्ष संपायच्या आधी नववीतली पोर आठवीतल्या पोरीला शेजारी बसवते आणि आपली म्हातारी समजावून सांगते. डाव्या कानाने ऐकू येतं, चहा गार करून द्यायचा, असलं सगळं. बाकीच्यांचं एवढ्यावर भागतं. आईच्या बाबतीत त्यांना तुलाही सोपवावं लागतं.

बेकरीवालीने तुला दुसऱ्या पोरीच्या हवाली केलं, दुसरीने तिसरीच्या. दरवर्षी तू थोडी अधिक भरत गेलीस. आई जे जे सांगायची ते ते पुढचीला मिळत गेलं. आता तिथल्या पोरींना माहीत आहे की तुझा पुढचा दात हातपंपाच्या दांड्याने तुटला होता, की तुला गणित यायचं पण पाढे यायचे नाहीत, की लिहिताना तू नाकातल्या नाकात गुणगुणायचीस. मागच्या हिवाळ्यात मी शाळेत टाकीचा व्हॉल्व्ह बदलत होतो. भर दुपार, वर्ग चालू, व्हरांडा रिकामा. आणि मागून हाक आली, "दादाऽ, पाणी कधी येणार?" तो लांबवलेला 'आ', शेवटी किंचित वर चढणारा. हा कान मोटरीच्या बाबतीत चुकत नाही, तुझ्या बाबतीत चुकेल? मी वळलो तर वेण्या घातलेली एक परकी पोर रिकामी बाटली घेऊन उभी. तिने तुला जन्मात पाहिलेलं नाही. आईने हाक म्हणून दाखवली असणार, पहिलीने उचलली असणार, आणि आता ती त्यांच्या तोंडात बसलीये. हातातला पाना खाली पडला. पोरगी म्हणाली, "काका, बरं वाटत नाहीये का?" मी म्हणालो, गंज लागलाय गं, हाताला. ती हसली. मला मात्र नंतर कित्येक दिवस त्या व्हरांड्यातून जायचं जिवावर यायचं. तू तिकडे मोठी झालीस, चष्मा लागला, दवाखान्यात वीस माणसं तुझ्या हाताखाली. आणि इथे तू दर जूनला नवी होतेस, चौदा वर्षांची, आणि मोठीच होत नाहीस.

पुढचं लिहायला जड जातंय. आण्णांनी "नववी पुरे" म्हणून तुला शिलाई मशीनवर बसवायचं ठरवलं ते तुला ठाऊक आहेच. शाळेच्या ड्रेसचंही ठाऊक आहे. आईने तो स्वतःच्या हाताने कातरला, आणि तू घरात आलीस तेव्हा फडकी घडी करून ठेवलेली होती. त्याबद्दल आपण दोघं आजवर बोललेलो नाही, आणि तुझा राग तिथेच अडकलाय, हे काही मला सांगायला नको. पण मी तिसऱ्या पोरीला चौथ्या पोरीपाशी सांगताना ऐकलं, "बसथांब्याचं निघालं की लगेच पाणी द्यायचं. ती म्हणते, मी स्टॉलमागे उभी होते, हाक मारायला तोंडच उघडलं नाही." ठमे, मला माहीत नव्हतं. तुला माहीत होतं? तू गेलीस त्या सकाळी आई तुझ्या मागे बसथांब्यापर्यंत आली होती. तुला बसमध्ये चढताना पाहिलं, आणि परत येऊन तिने चूल पेटवली. सख्ख्या मुलाला इतकी वर्षं सांगितलं नाही, आणि शाळेतल्या पोरी ते पाठ म्हणतात.

आणि एक प्रश्न. दर गुरुवारी, उठायच्या आधी, आई पोरीचा हात धरून विचारते, "रागावलीस का गं माझ्यावर?" याचं उत्तर बेकरीवालीने पहिल्याच वर्षी ठरवून टाकलं होतं, "नाही गं आई." तेच पुढे सोपवलं गेलं. भूगोलाच्या बाईंना ते खुपायचं. त्या एकदा मला म्हणाल्या, "आपण दुसऱ्याच्या वतीने माफी देतोय, हे बरोबर आहे का?" मोठ्या बाई म्हणाल्या, "बाई, म्हातारी हसते ना? मग राहू दे." मीही मान डोलावली. तुझा फोन आला आणि 'माझा राग गेलेला नाही' हे कानावर पडलं, तेव्हा कळलं की आम्ही सगळ्यांनी मिळून तुझ्या नावावर काय काय खपवलंय. म्हणून माझी जीभ अडकली.

आता यंदाची चौथी पोर. हिला शाळेत वकिलीणबाई म्हणतात, कारण ती फळ्याशीसुद्धा वाद घालेल. सोपवतानाच तिने हुज्जत घातली होती म्हणे, "पण त्या खऱ्या मुलीला विचारलंय का कुणी? नाही ना? मग मी कसं सांगू?" तिसरीने हात जोडले, बाई, तू फक्त 'नाही' म्हण. तुझ्या फोननंतरच्या गुरुवारी मी वर्गाचा पंखा बघायला शिडीवर होतो. आईने ड्रेसची कड चाचपली, नेहमीचं विचारलं. आणि ही पोर ताठ बसून म्हणाली, "हो. रागावलेय. माझा ड्रेस कुणी कापला असता तर मी घर डोक्यावर घेतलं असतं."

पोस्टमन काकांची गुरुजीसुद्धा टकटक करायची थांबली. आईने हात मागे घेतला. पोरीच्या चेहऱ्याकडे खूप वेळ पाहिलं, मग अगदी साध्या आवाजात विचारलं, "तू कुणाची गं?" पोरीने बापाचं नाव सांगितलं. "हो का," आई म्हणाली. "आणि माझी कुठाय?"

बाहेर आल्यावर वकिलीणबाईंचा सगळा तोरा उतरला होता. रडवेली होऊन म्हणाली, "काका, माझं चुकलं का?" मी म्हणालो, बाळ, मोटर नुसती गुणगुणते आणि फिरत नाही ना, तेव्हा ऐकणाऱ्याला वाटतं चालू आहे. पण ती आतून जळत असते. कुणीतरी बटण बंद करायला हवं होतं, ते तू केलंस. तिला कितपत पटलं कोण जाणे. मला मात्र बोलताबोलताच उमगलं. उत्तर पटलं असतं, तर आईने तोच प्रश्न दर गुरुवारी कशाला विचारला असता?

तेव्हापासून ती कुठल्याच पोरीला ठमी म्हणत नाही. सगळं परत आलंय असं समजू नकोस. माझं नाव परवाच विसरली, वहिनीला नर्स समजते. पण गुरुवारी शाळेत गेली की खुर्ची दाराकडे तोंड करून फिरवून घेते. झोप पुन्हा गेली आहे. मी म्हटलं, कुणाची वाट बघतेस? तर म्हणाली, "रागावलीय म्हणजे विसरली नाही. विसरलेलं माणूस येत नाही, रागावलेलं येतं." आणि तास संपला तरी उठत नाही. शिपाई किल्ल्या वाजवत उभा राहतो. परवा तिला उचलूनच आणावं लागलं.

फोनवर बोललो असतो तर तू 'बघते' म्हणाली असतीस आणि मी 'बरं' म्हणालो असतो, म्हणून हे पत्र. ठमे, ये. गोड तोंड नको आणूस, ते तिने पुष्कळ पाहिलंय, परक्या पोरींचं. आता तुझ्याऐवजी कुणी चालत नाही तिला. ती ओळखेलच असं वचन मी देत नाही. तिने विचारलं तर जे खरं असेल ते सांग. वाईट वाटेल, वाटू दे. काल मी तिला हळूच सांगितलं की तू येशील बहुतेक. मला वाटलं रडेल, नाहीतर कोण म्हणून विचारेल. तिने पदर सारखा केला आणि मला दटावून म्हणाली, "आली की कुणी मधे बोलायचं नाही. मीसुद्धा नाही. आधी तिला बोलू द्या. त्या दिवशी तिला कुणी बोलूच दिलं नव्हतं."

तुझ्या वाटेकडे डोळे लावून,
तुझाच,
दादा