सवत

२ डिसेंबर
सिन्नर सोडून मखमलाबादला नांदायला आले. घराभोवती शेवंतीच शेवंती. सासूबाई, गोजराबाई, मायाळू आहेत; पहिला चहा त्यांनीच करून दिला. कुंदनने फुलं तोडून माझ्या वेणीत माळली. ओसरीच्या भिंतीवर सासऱ्यांची जुनी बंदूक टांगलेली आहे. ते गेले तेव्हापासून ती कुंदनची. परवान्याआधी तिची पारख करायची म्हणून नाशकातून कोणी वेदिका येणार आहे.

६ डिसेंबर
वेदिका आली. कुंदनने इस्त्रीचा शर्ट घातला होता. माझा जळफळाट झाला. पण त्याची नजर तिच्यावर नव्हतीच, बंदुकीवरून फिरणाऱ्या तिच्या बोटांवर होती. बंदूक ठासणीची, दीडशे वर्षांपूर्वीची, इकडच्याच कारागिराची, असं ती म्हणाली. नळीवरची फुलं चांदीची. शौकीन माणूस भरपूर किंमत देईल, पण आधी पोलिसांत नोंद करा. मग तिने नळीत गज घातला आणि तोच बाहेरून लावून पाहिला. आत चार बोटं कमी भरला. म्हणजे बार अजून आतच होता! तिने तो उकरून काढायला घेतला, तेव्हा कुंदन म्हणाला,
“हळू. तिला दुखेल.”

९ डिसेंबर
माझ्या केसांचं तेल तो तिला चोळतो. जेवतो तिच्याशेजारी बसून. मी नवी साडी नेसले, त्याने पाहिलंसुद्धा नाही. सासूबाईंना सांगितलं. सासरेही असेच होते म्हणाल्या. म्हणूनच सासूबाईंनी आपलं अंथरूण कायमचं स्वयंपाकघरात नेलं.
“सवत हाय ती, दीपमाला. हात नको लावू.”

११ डिसेंबर
तो आंघोळीला गेल्यावर मी गज घालून पाहिला. वेदिकाने बार काढून नळी रिकामी केली होती, तरी पुन्हा चार बोटं कमी. घरात दारू नाही, गोळी नाही. कुंदन शपथ घेतो, त्याने भरली नाही. खोटं बोलत नव्हता. घाबरला होता.

१२ डिसेंबर
कुंदन फुलं घेऊन बाजारात. तिला साडीत गुंडाळलं, रिक्षात बसले. पोलिसांत देऊन टाकायची, बस. मांडीवर घेतली तर — ऊबदार. झोपेतून उठलेल्या लेकरासारखी. रिक्षावाला आरशातून तिच्याकडे बघत होता. मला ते आवडलं नाही. मध्येच उतरले.

१३ डिसेंबर
मळ्यातल्या मोटारीच्या खोलीत आहे. आतून कडी. सासूबाई बाहेर रडतायत. कुंदन म्हणतो, एकदा बघू दे, नुसती बघू दे. इतके दिवस त्याच्याकडेच होती ना — माझ्याकडे कालपासून —

दाराला खांदा देतोय. कडी वाकली. नळी दाराकडे झाली आहे — मी वळवली नाही — मी फक्त त्याला सांगणार आहे, की ती आता