सापडला, अगदी सोपा

मंगळवार, १२ फेब्रुवारी

दोन दिवस वही उघडतोय आणि मिटतोय. आज लिहू, उद्या लिहू! काल पेन संपलं म्हणून खाली टायरवाल्याकडे गेलो. तिथे ट्रकचं चाक उतरवत होते. बघत उभा राहिलो तासभर. पेन न घेताच वर आलो. आज पेन्सिल आहे. निमित्तं संपली.

रविवारी फोनवर, खेळाच्या गटावर निरोप आला — ऑपरेटरबाई जुन्या खाणीत पडल्या. घोटा मोडला. दोन तास ओरडत होत्या, मग कुणीतरी ऐकलं.

त्या डब्याखालची शेवटची नोंद माझी आहे.

एवढंच लिहवतंय आज.


बुधवार, १३ फेब्रुवारी

ताईला मागे एकदा हा खेळ फोनवर समजावला होता. म्हटलं, कुणीतरी गावात कुठेतरी डबा लपवतं. पुलाखाली, झाडाच्या ढोलीत, कुठेही. फोनवर त्याचा ठिपका दिसतो. आपण जायचं, शोधायचं, आतल्या वहीत सही करायची, डबा होता तसा ठेवायचा. मग फोनवर लिहायचं — सापडला. किंवा नाही सापडला. तीन जणांनी लागोपाठ 'नाही' लिहिलं की डबा यादीतून जातो.

ताई म्हणाली, "आणि मिळतं काय?"

"काही नाही."

"मग तुझ्यासाठीच काढलाय हा खेळ. पायाला भिंगरी आणि डोक्यात वारा!"

खेळात माझं नाव भिंगरीच आहे. तिनेच ठेवलेलं.

आता खरं लिही, भिंगरी. इथे कोण बघतंय?

एकवीस जानेवारी. पाण्याच्या मीटरचे आकडे घेत त्या बाजूला गेलो होतो. खाणीतला डबा मिळाला की माझे दोनशे होणार होते. दोनशे! खाण बसथांब्यापासून दोन किलोमीटर. ऊन होतं, चप्पल तुटली होती, आणि समोर एक म्हातारा पोपटांचे पिंजरे घेऊन बसला होता, त्याच्याशी बोलत राहिलो. मग बस आली. बसमध्ये बसून लिहिलं —

"सापडला. अगदी सोपा. डोळे उघडे ठेवा म्हणजे झालं!"

घर बंद असलं की मीटरचा आकडा मागच्या महिन्यावरून अंदाजे टाकतो. सगळेच टाकतात. हात तसाच वळलाय. पण माझ्या आधी दोघांनी 'नाही सापडला' लिहिलं होतं. एकाने तर — उतार सैल आहे, जपून. मी तिसरा. मी 'नाही' लिहिलं असतं तर डबा त्याच दिवशी यादीतून गेला असता. त्या गेल्याच नसत्या.

दोनशेवा!


शुक्रवार, १५ फेब्रुवारी

रुग्णालयात गेलो. सांगायचं ठरवून.

बारीक बाई. पांढरे केस कापलेले, चष्मा दोरीला. पाय उशीवर. नर्स म्हणाली, "आजी, तुमचा नातू आलाय." तर बाई, "मला नातवंड नाही. आणि आजी कुणाला म्हणतेस? माझं नाव चार्टवर आहे, वाचता येतं ना?" नर्स हसत गेली.

मी म्हटलं गटातला आहे.

"नाव काय घेतलंयस खेळात?"

"अजून घेतलं नाही. नवीन आहे."

झालं! एकावर दुसरं.

त्या बोलायला लागल्या. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये एकतीस वर्षं. गावातला प्रत्येक नंबर पाठ — डॉक्टर, लाकडाची वखार, वकिलाची सासू. पण रस्ते माहीत दोनच. घर ते एक्स्चेंज, घर ते बाजार. "आवाज सगळ्यांचे ऐकलेले, दारं कुणाचीच पाहिली नाहीत. मालक गेले, तेव्हा शेजारणीच्या मुलीने फोनात हा खेळ घालून दिला. पहिला डबा मिळाला तो वखारीच्या भिंतीत! मी त्या भिंतीला हात लावून किती वेळ उभी होते, सांगू."

एकतीस वर्षांची नोकरी, एकतीसच डबे. बत्तिसावा खाणीतला.

मग म्हणाल्या, "चूक माझीच. मला तिथे नुसती माती दिसली. पण आदल्याने लिहिलं होतं — सापडला, अगदी सोपा, डोळे उघडे ठेवा म्हणजे झालं. म्हटलं, लोकांना दिसतो आणि आपल्याला दिसत नाही म्हणजे आपलंच काहीतरी गेलंय. म्हणून आणखी खाली उतरले."

माझं वाक्य. एक शब्द इकडचा तिकडे नाही.

संत्रं सोलून दिलं त्यांनी. खाल्लं. आलो.


सोमवार, १८ फेब्रुवारी

परत गेलो. परत संत्रं. परत नाही सांगितलं.


शनिवार, २ मार्च

त्यांना घरी सोडलंय. प्लास्टर एप्रिलपर्यंत. आज दूध-भाजी घेऊन गेलो, तिसरी खेप. पहिला मजला, दोन खोल्या. फोनच्या टेबलावर गावाचा कागदी नकाशा, एकतीस ठिकाणी पेन्सिलीचे गोल.

मुलगा दूर असतो, विमानाने जावं लागतं इतका. गेल्या आठवड्यात येऊन गेला. डोळ्यांचे डॉक्टर झाले, मग डोक्याचे झाले. डोकं ताळ्यावर आहे का बघायला कागदावर घड्याळ काढायला लावलं म्हणे.

"काढलं मी. काटेसुद्धा काढले. पण तो म्हणतो, आई, बाकीच्यांना दिसतं ते तुला दिसेना, आणि तू दरीत उतरलीस. आता एकटं राहणं नको. प्लास्टर निघालं की न्यायला येतो."

"तुम्हाला जायचंय का?"

"तिथे तेराव्या मजल्यावर आहे घर." नकाशा सरळ करत म्हणाल्या — "तो वाईट नाही रे. घाबरलाय. आणि खरं सांगू? मीही घाबरलेय. परवा गॅस बंद केला का ते चार वेळा बघितलं. आधी नाही बघायचे मी."

म्हणजे फक्त घोटा नाही मोडला. लक्षात येतंय ना, भिंगरी? शहाणी बाई रोज स्वतःला वेडं ठरवत बसलीय. आणि ते कशामुळे हे जगात एकाच माणसाला ठाऊक आहे, आणि तो तिची संत्री खातोय!


रविवार, १० मार्च

सांगितलं.

वाटेत दोनदा उतरलो बसमधून. एकदा खरंच काम होतं. दुसऱ्यांदा नव्हतं.

फोन पुढे केला. म्हटलं, भिंगरी मी आहे. मी खाणीपर्यंत गेलोच नव्हतो. बसमध्ये बसून लिहिलं.

त्यांनी चष्मा लावला. वाचलं. चष्मा काढला.

"म्हणजे तिथे डबा नव्हताच."

"माहीत नाही. बहुतेक नव्हता."

"म्हणजे मला माती दिसली, ती मातीच होती."

"हो."

वाटलं, आता हायसं वाटेल त्यांना. मूर्ख मी!

"एक महिना," त्या म्हणाल्या. "एक महिना तू माझ्यासमोर बसून मला गॅस तपासताना बघितलंस." आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. "लाव फोन. माझ्या मुलाला. मोठ्याने लाव, मला ऐकू दे."

लावला. सगळं सांगितलं, अडखळत. मग —

"तुम्ही कोण? रोज दूध आणणारे ना?"

"हो."

"आईला बरं वाटावं म्हणून सांगताय हे?"

"नाही हो, खरंच..."

"म्हणजे आधी खोटं लिहिलं असं म्हणताय. मग आत्ताचं खरं कशावरून?"

मी फोन बाईंकडे वळवला.

त्यांनीच हात पुढे करून फोन बंद केला. "जा तू," म्हणाल्या. "आणि भाजी नको आणूस."


सोमवार, ११ मार्च

फोनवर सगळ्यांना दिसेल असं लिहिलं — खाणीची माझी नोंद खोटी. कुणी जाऊ नका. आणखी आठ नोंदी तशाच होत्या, त्याही पुसल्या. राहिले एकशे एक्क्याण्णव.

गटावर शिव्या. एकाने लिहिलं, तुझ्यावर विश्वासून माझ्या पोरीला नाल्यात उतरवलं होतं. ते मला माहीतच नव्हतं.

गटातून काढलं. बरोबर केलं.


रविवार, १७ मार्च

ताईला सांगितलं. वाटलं, ओरडेल. म्हणाली, "तू लहानपणी घसरगुंडीवरून पडलास की रडत धावत घरी यायचास, पण कुणाला ढकललंस की दोन दिवस घरीच यायचा नाहीस. आता कुठे आहेस?"

म्हटलं, घरी.

"मग बसू नकोस. जा तिकडे."

कुठे ते तिने सांगितलं नाही. मला कळलं.


शनिवार, २३ मार्च

खाणीत गेलो. दोन किलोमीटर काहीच नाहीत! वीस मिनिटं. चालताना एक सुंदर निळा किडा दिसला, त्याच्यामागे जाणार होतो, नाही गेलो.

उतार बघितला. वरून अर्धा कापून नेलाय यंत्राने. ज्या कपारीचा ठिपका फोनवर दिसतो तिथे आता हवा आहे, नुसती हवा. पाय कुठे घसरला असेल तेही दिसलं. वाळलेली माती, त्यात लांब ओरखडा.

परत निघताना खाणीच्या रखवालदाराची खोली दिसली. पत्र्याची. शंभर पावलांवर! तो दारात खुर्ची दुरुस्त करत होता. त्याच्याजवळ खिळ्यांचा डबा — चपटा, हिरवा, झाकणावर खेळाचा शिक्का.

"हा तुम्हाला कुठे मिळाला?"

"हा? डिसेंबरात उतार छाटला तेव्हा यंत्राच्या दातात आला. का, तुमचा आहे?"

आतली वही त्याने ट्रकचे नंबर लिहायला घेतलेली. पुढची पानं जशीच्या तशी. शेवटची सही तीन नोव्हेंबर. खाली त्याच्या हाताने, पंधरा डिसेंबरपासून, ट्रक.

सांगितलं त्याला सगळं. त्या दिवशी बाजारातून परतताना बाईंचा आवाज ऐकून खाली धावलेला तोच. डोक्याला हात लावला. म्हणाला, "अहो, किती लोक येऊन जायचे! खाली वाकून, फोन वर धरून. मला वाटायचं, सरकारी मोजणी. शोधत होते म्हणे! दार वाजवलं असतं तर मी दिला नसता का?"

दीड वर्ष मी या गावात दारं वाजवत फिरतोय, मीटरसाठी. हे एक नाही वाजवलं.

वहीच्या पानांचे फोटो काढले. रखवालदाराने आपण होऊन एक कागद लिहून दिला, अंगठ्याएवढ्या अक्षरात — डबा डिसेंबरात मी उचलला, बाईंची चूक नाही — आणि सही.


रविवार, २४ मार्च

मुलाला सगळं पाठवलं. वाचल्याची खूण आली. उत्तर नाही.

मूळ कागद बाईंच्या दाराखालून सरकवला. आतून रेडिओ ऐकू येत होता. कडी वाजवली नाही. भाजी नको म्हणाल्या होत्या. कडीचं काही म्हणाल्या नव्हत्या. पण नाही वाजवली.


शुक्रवार, २९ मार्च

आज मीटरचे चाळीस आकडे. सहा घरं बंद. सहाही ठिकाणी संध्याकाळी परत गेलो. वरिष्ठ म्हणाले, "तब्येत बरी आहे ना तुझी?"


गुरुवार, ४ एप्रिल

आज प्लास्टर निघालं असणार. त्यांच्या गल्लीच्या तोंडापर्यंत गेलो. खाली गाडी, मुलगा टपावर बॅगा बांधत होता. तीन बॅगा. त्याचे कान बाईंसारखेच. मला ओळखत नाही तो, चेहऱ्याने. पुढे जाऊन हात धरून सांगायला हवं होतं — वही बघितली ना तुम्ही? तारखा बघितल्या ना?

उभा राहिलो. तो आत गेला. मीही निघालो.


शुक्रवार, ५ एप्रिल

विमान आज सकाळचं होतं, त्यांच्या गल्लीतल्या दूधवाल्याकडून कळलेलं. गेल्या असतील. तेरावा मजला.

कागद वाचला असेल का त्यांनी? वाचला असेल तर मुलाने न मानताही स्वतःशी मानता येईल ना? की आपण एकटे मानून काही उपयोग नसतो? मला हे कुणी शिकवलेलं नाही. शाळा लवकर सोडली.

ताईचा फोन आला, घेतला नाही.


मंगळवार, ९ एप्रिल

सकाळी साडेदहा. टायरवाला खालून ओरडतोय — "अरे ए भिंगरी! एक बाई आल्यात, काठी घेऊन. एकट्याच. सकाळपासून दारोदार तुला विचारत आल्यात. म्हटलं, जिना उंच आहे, त्याला खाली बोलावतो. तर म्हणतात, अठरा पायऱ्या आहेत, मला दिसतंय!"

वर येतायत.