अष्टमीची भरती बारा वाजता

देवबाग,
ता. २२ फेब्रुवारी २००४

तीर्थस्वरूप महादूदादा यांच्या चरणी, सत्यवानचा देवबागेहून साष्टांग नमस्कार. सावंतवाडीत अजून पहाटेचा गारवा असेल, तुमचा गुडघा कसा आहे? तळ्याकाठची फेरी बंद करू नका, आणि वहिनींना आमचा नमस्कार सांगा. इकडे सर्व खुशाल. (सर्व म्हणजे मी. तुमची बहीण आठ दिवस माझ्याशी बोलत नाही आणि विनीता मला बघून तोंड फिरवते, पण प्रकृती दोघींची उत्तम आहे.)

विनीतासाठी वेंगुर्ल्याचं स्थळ तुम्ही आणलंत, तेव्हा खाडीतल्या प्रकाराची एक हकिगत तुमच्या कानावर तिकडून आलीच असेल. दुसरी, म्हणजे खरी, मी सांगतो. तीस वर्षं बोटीवर सुकाणू धरलेला माणूस निवृत्त झाला म्हणून ओटीवर माशा मारीत बसणार नाही, हे तुम्ही जाणताच. म्हणून मी कट्टा गावी कॉम्प्युटरच्या क्लासात नाव घातलं. शिकवणारी संजना माझ्या मुलीपेक्षा दोन वर्षांनी लहान, पण ज्ञानाला वय नसतं. पहिल्याच आठवड्यात तिने व्हेरिएबल शिकवलं. व्हेरिएबल म्हणजे नाव लिहिलेला डबा. त्यात काय ठेवणार ते आधी कबूल करावं लागतं. इंट म्हटलं की फक्त पूर्णांक, फ्लोट म्हटलं की अपूर्णांकही चालतो, आणि कॅर म्हटलं की एकच अक्षर. (मी हौसेने कॅरच्या डब्यात सुभद्राचं नाव भरलं, तर पहिलं अक्षर तेवढं आत गेलं. घरी येऊन कौतुकाने सांगितलं, तर बत्तीस वर्षांच्या संसारात माझं एवढंच शिल्लक राहिलं का, असं तिने विचारलं. बायकांना डेटा टाइप समजावणं सोपं नाही.)

मग मी स्वतःच्या अकलेने प्रोग्राम लिहिला. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हे आपल्याकडे शेंबडं पोरही सांगतं. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, थोडं मागेपुढे. मी म्हटलं, तोंडी का सांगावं, छापून सांगू. ‘तिथी’ नावाचा एक डबा केला, ‘भरती’ नावाचा दुसरा, आणि कॉम्प्युटरला हुकूम दिला की तीन भागिले चार कर, त्याला तिथीने गुण आणि दुपारच्या बारात मिळव. पौषातल्या अमावास्येला ताडून पाहिलं. कॉम्प्युटर म्हणाला बारा, खाडीतही पाणी बाराला भरलेलं. एवढी खात्री पटल्यावर पुन्हा तपासत बसणं हा मूर्खपणा ठरला असता.

गेल्या अष्टमीला वेंगुर्ल्याच्या हौसाबाई आणि त्यांचा मुलगा सुदेश मुलगी बघायला आले. मी स्वतः तरीवाल्या बाबलीची होडी घेऊन त्यांना आणायला खाडीपलीकडे कोरजाईला गेलो. परतताना बाबली लांबच्या वळशाने नेऊ लागला. मी खिशातून छापील कागद काढला. अष्टमी, भरती बारा. पाणी भरलेलं असताना वळसा कशाला, सरळ वाळूच्या पट्ट्यावरून घाल, असं मी सांगितलं. बाबली मला म्हणाला, “तात्यानू, सुकती आसा. पाणी बघा, कागद काय बघतास?” कागदावर भरती असताना हा म्हणतो ओहोटी! आता दादा, ज्याने शाळेचं तोंड पाहिलं नाही त्याचं ऐकायचं, की यंत्राचं? बाराला पाच कमी असताना होडी वाळूत रुतली ती तीन वाजेपर्यंत. घर समोर दिसत होतं. सुभद्रा किनाऱ्यावर उभी दिसत होती. तिचा चेहराही दिसत होता, हे सर्वांत वाईट.

शेवटी तिने विनीतालाच पाठवलं. पोरगी साडी खोचून, गुडघाभर चिखल तुडवत, डोक्यावर चहाची किटली आणि पोह्यांचा डबा घेऊन आली. दाखवण्याचा कार्यक्रम वाळूवरच झाला. पोहे खाऊन होताच ती आणि सुदेश वाळू उकरून तिसऱ्यांचे शिंपले काढायला बसली. हौसाबाई मात्र जाईपर्यंत माझ्याशी एक अक्षर बोलल्या नाहीत.

संजनाने कागद पाहून एका मिनिटात दोष काढला. तीन आणि चार हे दोन्ही मी पूर्णांक लिहिले. पूर्णांकाला पूर्णांकाने भागलं की कॉम्प्युटर उत्तरही पूर्णांकच देतो, म्हणजे पाऊण टाकून शून्य. शून्याची कितीही पट केली तरी भरती बाराच. तेव्हा दोष माझा नाही, पाऊण फेकून देणाऱ्या यंत्राचा आहे, हे तुमच्या ध्यानी आलंच असेल.

आपला,
सत्यवान

ता. क. : तीनच्या जागी तीन दशांश शून्य लिहिलं आहे, म्हणजे पाऊण टाकली जात नाही. आता अष्टमीला अठरा, म्हणजे संध्याकाळचे सहा येतात.

ता. क. दुसरा : दादा, आठ दिवस झाले, वेंगुर्ल्याहून निरोप नाही. तुम्ही एकदा जाऊन या. हौसाबाईंना सांगा की चूक बापाची, पोरीची नव्हे. यंत्राचं वर लिहिलं आहे ते सांगू नका, चूक माझीच. हवं तर मी येऊन त्यांच्या पाया पडतो. सुदेशशी बोलताना विनीता हसत होती, ते मी पाहिलं. माझ्या हट्टापायी पोरीचं हे स्थळ मोडलं तर मला झोप लागायची नाही.

ता. क. तिसरा : मामा, मी विनीता. बाबांनी पत्र पोस्टात टाकायला दिलं, मी वाचलं. वेंगुर्ल्याचा होकार दुसऱ्याच दिवशी शेजारच्या रूपालीकाकीच्या फोनवर आला. “चिखलात उतरान चाय घेवन इलेला चेडू माका सून म्हणान व्हया,” असं हौसाबाई म्हणाल्या. आईने मला शपथ घातली होती, “धा दिवस तेंका सांगू नको.” अजून दोन बाकी आहेत, पण हे वाचून मला राहवत नाही. आता उठून बाबांना सांगते. पत्र मात्र पाठवते आहे, तुम्ही जपून ठेवा. ‘चूक माझीच’ असं बाबांच्या अक्षरात मी पहिल्यांदाच पाहिलं.