सुंदरीची ओटी

ता. ९ नोव्हें., रविवार
गुडघा आज बरा. रेश्माने एकदाची हत्तीण दाखवलीन्. रेश्मा म्हणजे माझी नात, हत्तिणीच्या कॅम्पात येणाऱ्या लोकांना माहिती सांगायला असते. पावसाआधी हत्तीण आणली, आमच्याच नदीच्या वरच्या कोंडीवर, डोहापाशी, गर्द रानात. मुंबई-पुण्याची माणसं बघून गेली आणि मी इथली असून नाय. किती दिवस मागे लागले होते.

नाव सुंदरी. आधी कुठल्या शहरात तिला दारोदार फिरवायचे, भीक मागायला. तिथून सोडवून आणली. लोक पाण्यात उतरून तिला अंघोळ घालतात. मीपण घातली. पातळ खोचलं नि उतरले. त्यांनी प्लास्टिकचा ब्रश दिला, तो ठेवला बाजूला. घरचं नारळाचं सोडण नेलं होतं, म्हशी त्यानेच धुतल्या जन्मभर. कानामागे घासलं तशी डोळे मिटून उभी. केवढ्या त्या पापण्या. मी आपली तिच्याशी बोलत बसले, भाताचं, सुनेचं, सगळं.

मग ओटी भरली. पिशवीत लपवून नेली होती. आली तेव्हापासून कुणी तिला कुंकू लावलेलं नाय, बाईमाणूस ना ती? कपाळाला कुंकू टेकवलं, नारळ-तांदूळ पुढ्यात ठेवले. तर लगेच पुढचा पाय मुडपून सोंड माझ्या डोक्यावर. रडूच आलं मला. लोकांनी टाळ्या वाजवल्या, फोटो काढले. रेश्माने तेवढ्या टाळ्या नाय वाजवल्या. 

ता. १०, सोम.
सकाळी चहा घेताना बोलली. "आजी, तो आशीर्वाद नव्हता. शहरात भीक मागवायचे तेव्हा, कुंकू लावल्यावर सोंड नाय उचलली तर अंकुश टोचायचे तिला. पावसाळाभर जरा विसरत आली होती."
मी म्हटलं, मला काय ठाऊक? आधी सांगायचं नाय? तर म्हणते, तू ओटी नेतेस ते सांगितलंस? उलट उत्तर. बापासारखी आहे.
खरं आहे पण तिचं. दिवसभर कशात लक्ष नाय. कढी उतू गेली.

ता. १३, गुरु.
डोकं फिरलंय. कॅम्पाच्या साहेबाने फाटकाजवळ ताम्हण ठेवलंन्. हळदकुंकू, तांदूळ, नारळ. पाटी लावलीन्, "ओटी भरा, आशीर्वाद घ्या". माझा फोटो मोठा करून वर लावलाय, डोक्यावर सोंड, तोंड उघडं. मला विचारलंन् नाय. शेजारची सुलू सांगायला आली, काकी, तुम्ही फेमस झालात. म्हटलं, बस गो, मेली फेमसवाली.
ज्यातून सोडवली त्यातच परत घातली. आणि वाट दाखवली मी.

ता. १६, रवि.
राहवलं नाय, गेले. सकाळपासून पाच टोळ्या लोकांच्या. पाच अंघोळी! म्हैस धुतली की ती चिखलात लोळते, ते तिचं पांघरूण. सुंदरीपण पाण्यातून आली की तांबडी माती उचलून पाठीवर उडवते. तर लगेच तिच्यावर पाण्याचा पाइप धरतात, पुढच्यांच्या फोटोत स्वच्छ दिसायला हवी म्हणून. पाठीवर सालपटं निघालेली मी बघितली. माणसाचं पोर दिवसात पाचदा धुतलंत तर मरेल.
एकेक बाई कुंकू लावते, हिची सोंड वर. लावते, वर. डोळे मिटत नव्हती आज.

मी फाटकाशी बसले दगडावर. येणाऱ्या बायकांना सांगितलं, पोर माहेरी आलीय असं समजा. माहेरी आलेल्या पोरीला कोण कामाला लावतं? आणि ओटी भरली तर तिने वाकायचं कशाला? चारपाच जणी ताम्हणाला हात न लावता आत गेल्या. एक म्हणाली, आजी, आम्ही एवढ्या लांबून आलो. म्हटलं, ती तुमच्याहून लांबून आलीय.
साहेब आला. गोड बोलतो मेला. "आजी, तुमच्यामुळेच तर सुरू झालं, आता तुम्हीच मोडता?" तोंडात मारल्यासारखं झालं. उठले नि घरी आले. 

ता. १७, सोम.
साहेबाने रेश्माला सांगितलंन्, आजीला आवर, नायतर तुझं बघावं लागेल. लांज्याला काजूच्या कारखान्यात उभी असायची, तिथून सुटून ही नोकरी मिळाली पोरीला. केवढ्या हौसेने जाते. मी म्हटलं, परत नाय जाणार फाटकावर. तिने माझा गुडघा चोळून दिलान्.

ता. १९, बुध.
मी गेले नाय. जे झालं ते रेश्माने सांगितलंन्. दु. बाराची टोळी आली, चाळीसेक माणसं. हिने ताम्हण उचलून आत ठेवलं नि त्यांना म्हणाली, आज अंघोळ नाय. तिची झालीय. काठावरून बघा, ती माती कशी घेते. काही चिडले. काही बसले. सुंदरीने तासभर माती घेतलीन्, कुणी पाइप लावला नाय. हे सांगताना हसत होती पोर.
उद्या दहाला साहेबाने बोलावलंय.
मी म्हटलं, मी सुरू केलं, मी येते. "तू नको आजी. तू भांडशील." म्हटलं, भांडेनच.
रेश्मा एकटीच जाईन म्हणते. मी उद्यासाठी चांगलं पातळ काढून ठेवलंय.