मेस कमिटी ते मंत्रिपद

७ नोव्हेंबर, शुक्रवार. दुपार
सुट्टी. मोबाईलवर लाब्रूस नावाच्या फ्रेंच पुढाऱ्याची डॉक्युमेंटरी पाहिली. नगरपालिकेत साधे मेंबर, मग नगराध्यक्ष, मग खासदार, मग मंत्री. मंत्री झाले तरी गावची खुर्ची सोडली नाही! हा माणूस म्हणजे मीच. मी सौदीत, रास तनुराच्या कॅम्पात पाइप फिटर आहे, एवढाच फरक.
संकल्प: आधी कॅम्पची मेस कमिटी. मग गुहागरला आमची ग्रामपंचायत. पुढचं पुढे.

८ नोव्हेंबर
रोज दहा माणसांशी बोलायचं ठरलं. ओव्हरटाइम लागला. उद्यापासून.

१० नोव्हेंबर
रूममेट ज्ञानेश म्हणतो, शुक्रवारी हात वर करून निवड आहे, मतं मागत फिर. हसलो. आपल्यात स्वतःच्या तोंडाने मागत नाहीत. लोक नाव घेतात, आपण नको म्हणायचं. ते आग्रह करतात, पुन्हा नको. तिसऱ्यांदा नाइलाजाने उठायचं. पंगतीत तेच, राजकारणात तेच.
किशोरीला फोन केला. सीट पक्की म्हणून सांगितलं. बायकोला अर्धवट बातमी देऊ नये.

१२ नोव्हेंबर
बाथरूमच्या आरशासमोर नाइलाजाने उठायची प्रॅक्टिस. बाहेर रांग, दारावर धक्के. जनतेत उत्सुकता दिसते.

१३ नोव्हेंबर
झोप नाही. जेवण जात नाही. चहासुद्धा फेऱ्या मारत प्यालो. भाषण पाठ केलं, विसरलो. मेसमध्ये दर शुक्रवारी सुरमई देईन, एवढं एकच वचन लक्षात आहे.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार
ज्ञानेशने माझं नाव पुकारलं. मी हात जोडून म्हणालो, नको नको, माझ्यापेक्षा लायक माणसं आहेत. कॅम्प बॉस अदनान म्हणाला, ठीक है, खलास, नेक्स्ट. मी दुसऱ्या 'नको'साठी तयार उभा, तेवढ्यात क्रेनवाले हुसेनमियाँ म्हणाले, मैं करेगा. टाळ्या. आपल्या दापोलीचा माणूस असून रीत पाळली नाही!

१५ नोव्हेंबर
हरलो असं म्हणता येणार नाही. त्याग केला.
डॉक्युमेंटरी उरली होती ती पाहिली. लाब्रूससाहेब पहिल्या निवडणुकीत दारोदार जाऊन स्वतःच मतं मागत होते. फ्रान्समध्ये रीतभात म्हणून नाही.

१७ नोव्हेंबर
किशोरीने पेढे वाटले. गावच्या ग्रुपवर माझा फोटो, खाली 'सौदी गाजवणारे सुपुत्र'. खरं काय ते उद्या सांगतो.

१८ नोव्हेंबर
उद्या.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार
सांगितलं. फार लाज वाटली. किशोरी रागावली नाही, तीच घाईत होती. ग्रामपंचायतीसाठी मंडळी मला विचारायला आली होती म्हणे. मी तिकडे नाही, म्हणून त्यांनी तिलाच विचारलं, तुम्ही उभ्या राहता का. ती हो म्हणाली. किती वेळा विचारलं, मी म्हटलं. एकदाच, म्हणाली.
मग तिने विचारलं, बॅनरवर तुमचा फोटो घालू का. मी म्हणालो, नको नको. बरं, म्हणाली आणि फोन ठेवला.