पेशींची उपासमार आणि माझा सिद्धांत

३ जून, सकाळी
संकल्प: वीस तारखेला संस्थेच्या मंडळासमोर माझा सिद्धांत निर्विवाद सिद्ध करणे. लॅब राहणार की बंद होणार, हे त्या भाषणावर आहे. सिद्धांत सोपा. पेशीला उपाशी ठेवा, ती आतला कचरा पिशवीत भरून खाते. याला ऑटोफॅजी म्हणतात. त्या कचऱ्यात विषाणूही जातो. खेळ खलास. अकरा वर्षं सांगतोय.

५ जून
पेशी उपाशी ठेवल्या. विषाणू सोडला. बिचाऱ्याची कीव आली.

६ जून
विषाणू तिप्पट. द्रावण शिळं असणार. लॅबचे मामा म्हणाले, काल दुपारीच ताजं केलंय. त्यांना झापलं. शिस्त हवी.

९ जून
पुन्हा तिप्पट. इन्क्युबेटर बिघडला आहे. मेकॅनिक येऊन तपासून गेला, म्हणे उत्तम चालतोय. मेकॅनिकही बदलायला हवा.

११ जून
भिंगबाईंनी फोटो दाखवला. (सहकारी. तीन वर्षांत मायक्रोस्कोपमधून मान वर काढलेली नाही, म्हणून हे नाव. अर्थात मनातल्या मनात.) पिशव्यांमध्ये विषाणूच विषाणू. मी म्हटलं, बघा, पकडले! त्या हळूच म्हणाल्या, "सर, त्यांना कुणी खात नाहीये. ते तिथे बिऱ्हाड करून राहिलेत. पिशव्या वाढल्या की त्यांना जागाच वाढते." मी म्हटलं, खाटकाच्या दारात बकरंही निवांतच उभं असतं. त्या फोटो घेऊन परत मायक्रोस्कोपकडे गेल्या. मुद्दा पटला असावा.

१४ जून, रात्रीचं जेवण झाल्यावर
बायकोला सिद्धांत समजावला. तिने विचारलं, "अहो, चोर कचऱ्याच्या गाडीतच लपून बसला तर?" तिला विज्ञान कळत नाही, हे सौम्य शब्दांत सांगितलं. ती ताटं उचलून आत गेली.

१७ जून
आता ब्रह्मास्त्र. ऑटोफॅजी बंद पाडणारं औषध पेशींना देणार. पेशीचं खाणं बंद, म्हणजे विषाणू माजणार, म्हणजे मी बरोबर. सगळं स्वतःच्या हाताने केलं, कुणावर विसंबायला नको. भाषणासाठी निकालाची स्लाइडही आजच करून ठेवली. वेळ वाचतो.

१९ जून
विषाणू दहापट कमी.
लेबलांची अदलाबदल झाली असणार. लेबलं तपासली. अक्षर माझंच. क्रमही बरोबर. संध्याकाळपर्यंत चार वेळा मोजलं. भिंगबाई शेजारीच होत्या. त्यांनी आकडे पाहिले आणि आपल्या वहीत उतरवून घेतले. हे जास्त लागलं.
संकल्प: उद्या औषधाचा विषयच काढायचा नाही. माघार नाही.

२० जून
ताठ मानेने उभा राहिलो. अकरा वर्षांचा इतिहास झोकात सांगितला. अध्यक्षबाईंनी पहिलाच प्रश्न टाकला: ऑटोफॅजी बंद केली तेव्हा काय झालं?
भिंगबाईंकडे पाहिलं. त्या वहीत बघत होत्या. कालचे आकडे त्यांनी कुणालाही सांगितलेले नव्हते.
"विषाणू दहापट कमी झाला," मी म्हणालो. "माझ्या या सहकारी मॅडम तीन वर्षं हेच सांगत होत्या. मी ऐकत नव्हतो." आणि खाली बसलो. कोटाची बटणं लावून घेतली. एसी फार वाढवतात हे लोक.
पुढचा पाऊण तास भिंगबाई बोलल्या. मंडळाने भराभर लिहून घेतलं. लॅब राहिली. आजपासून प्रमुख त्या.
घरी येऊन बायकोला सांगितलं, लॅब मी वाचवली.
ती म्हणाली, "कुणापासून?"