भटक्यांच्या थरातली अंडी

१० नोव्हेंबर, मंगळवार
सापडली! उत्खननातल्या, भटक्या लोकांच्या म्हणून ओळखल्या जाणाऱ्या थरातल्या वाळक्या विष्ठेत जंताची अंडी. हा जंत मुक्काम करणाऱ्यांचा — अंडी मातीत काही आठवडे पिकतात, मगच पोटात रुजतात. घाण मागे टाकून पुढे निघणाऱ्यांना तो सहसा गाठत नाही. म्हणजे हे लोक शेतीच्या आधीच एका जागी राहत होते! सर वीस वर्षं हेच सांगतायत, लोक हसतायत. निबंध सोमवारी जाणार. त्यावर माझी नोकरी कायम होणं अवलंबून.

११ नोव्हेंबर
अंडी फारच टवटवीत आहेत. आठ हजार वर्षांनी इतकी? आमच्यापैकीच कुणाची तर नाहीत? नवरा म्हणाला, तुला सुख बोचतं.

१२ नोव्हेंबर
प्रयोगशाळेत आम्ही तिघंच — सर, मी आणि काचपट्ट्या धुणाऱ्या मावशी. तिघांच्याही विष्ठेचे नमुने तपासायचे. मावशींना सांगताना माझीच मान खाली. त्या म्हणाल्या, "मेलेल्यांची चालते, मग माझीच काय लाज?" सरांच्या दारापर्यंत तीनदा जाऊन परतले. शेवटी टेबलावर डबी आणि चिठ्ठी ठेवून पळाले.

१३ नोव्हेंबर
मावशी स्वच्छ. मीही स्वच्छ. (किंचित हिरमुसले का? हो.) सरांची डबी अजून आलेली नाही.

१४ नोव्हेंबर
सरांची डबी आली. अंडीच अंडी! गुरूला हे कुठल्या तोंडानं सांगायचं? खात्रीसाठी लांबी मोजली — बहात्तर मायक्रॉन. माणसाच्या जंताची पन्नाशीच्या आसपास असतात. ही कुत्र्याच्या जंताची!
दार लावून विचारलं. सर खिडकीकडे वळून म्हणाले, "या वयात मी डबी घेऊन बसू? आमचा कुत्रा अंगणात बसला होता, तेवढ्यात..."
घरी पोचेपर्यंत हसत होते. जिन्यात एकदम थांबले. थरातल्या जुन्या अंड्यांची लांबी मी मोजलीच नाही. त्या नमुन्याच्या पुडीवर सरांच्या अक्षरात 'माणूस' लिहिलेलं, म्हणून नुसती गणली. मी! जी दुधाचा हिशेबसुद्धा दोनदा तपासते.

१५ नोव्हेंबर, रविवार
सकाळीच जाऊन मोजली. तीसच्या तीस — सत्तरच्या वर. विष्ठेच्या न फोडलेल्या गाभ्यातही तीच; म्हणजे जुनीच, पण कुत्र्याची.
सरांना फोन केला. निबंध थांबवा म्हटलं. ते हळूच म्हणाले, "बाई, कुत्र्याच्या जंताची अंडीही मातीतच पिकतात. कुत्रं एका जागी टिकलं, म्हणजे त्याला रोज कुणीतरी खायला घालत होतं."